विचारा की! : गे व्हॉलीबॉल, रशियातला पोरगा आणि आपलं पार्क मैदान

मागच्या अंकात युरोपला नोकरीसाठी जाणाऱ्या पोरापोरींना खेळ सोडू नका म्हणून सांगताना मी युरोगेम्सचा दोन ओळीत उल्लेख केला होता, म्हणजे गे, लेस्बियन, ट्रान्स लोकांच्या हौशी क्लबांची युरोपातली मोठी स्पर्धा. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. गुडघेदुखीवाल्यांनी आणि "पोराची उंची वाढत नाही"वाल्यांनी महिनाभर कळ काढा. नाव कुणाचंच छापलेलं नाही, आणि एका पत्रातलं गाव मी मुद्दाम काढून टाकलंय, का ते तिथंच कळेल.

ताई, मी २६ वर्षांचा, जुळे सोलापूरला राहतो. युनिव्हर्सिटीकडून व्हॉलीबॉल खेळलोय, सेटर. आता कंपनी दोन वर्षांसाठी जर्मनीत कोलोनला पाठवतेय. मी गे आहे, घरी माहीत नाही. तिकडं असे क्लब असतात असं तुम्ही लिहिलंत, पण माझा खेळ बरेच दिवस बंद आहे, पोट सुटलंय. सिलेक्शन असतं का? आणि गेल्या गेल्या सगळ्यांना सगळं सांगावं लागतं का?

अरे तू नेमका कोलोनलाच चाललायस आणि मला विचारतोयस! युरोपातला पहिला गे स्पोर्ट्स क्लब त्याच गावात निघाला, एससी यानुस, १९८० साली. बर्लिनचा फोरश्पील १९८६ चा, कोपनहेगनचा पान इद्रेत १९८४ चा, लंडनचा स्टोनवॉल फुटबॉल क्लब १९९१ चा, म्हणजे ही काय काल-परवाची फॅशन नाही, काही क्लब तुझ्यापेक्षा वयानं मोठे आहेत. आणि २०१० चे गे गेम्स, म्हणजे अशीच जगभरातल्यांची स्पर्धा, तेपण कोलोनलाच झाले होते.

जर्मनीत क्लब म्हणजे रीतसर नोंदणी केलेली संस्था असते, वर्गणी भरायची, हॉल बहुतेक महापालिकेच्या शाळेचा, आठवड्यातला ठरलेला वार आणि ठरलेली वेळ, आणि वेळ म्हणजे वेळ, आपल्यासारखं सहाला बोलावून पावणेसातला नेट बांधणं नाही. आधी एक-दोन वेळा ट्रायलला जाता येतं, त्याला प्रोबेट्रेनिंग म्हणतात, तो शब्द पाठ कर आणि मेल टाक. सिलेक्शन नसतं. लेव्हल असते. वरची लेव्हल खरंच लीगमध्ये खेळणाऱ्यांची, खालची बॉल नेटच्या पलीकडं गेला तरी टाळ्या वाजवणाऱ्यांची, आणि मधल्या लेव्हलला तुझ्यासारखे एकेकाळचे खेळाडू भरलेले असतात. सगळ्यांना स्मॅश मारायचा असतो रे, बॉल उचलून द्यायला कुणी तयार नसतं, त्यामुळं सेटर म्हटल्यावर तुझं पोट कोण बघतंय.

स्पर्धांचंपण तेच. युरोगेम्स पहिल्यांदा १९९२ ला हेगला झाले, त्याआधी १९८९ ला तिथंच युरोपातल्या क्लबांचं फेडरेशन तयार झालं होतं. आता जवळपास दरवर्षी वेगळं शहर असतं, २०२३ ला बर्न, २०२४ ला व्हिएन्ना, २०२५ ला लियॉन. पात्रता फेरी वगैरे काही नाही, फी भरली, लेव्हल लिहिली की झालं, आणि तू गे नसलास तरी खेळू शकतोस, कोण सर्टिफिकेट मागत नाही. मोठ्या स्पर्धांपेक्षा पण मला वाटतं तुला शनिवार-रविवारच्या छोट्या टुर्नामेंटा जास्त आवडतील. एखाद्या शहरातला क्लब इतर शहरांतल्या टीमांना बोलावतो, बऱ्याच ठिकाणी बाहेरून आलेल्या पोरांना यजमान क्लबचे खेळाडू स्वतःच्या घरी झोपायला जागा देतात, शनिवारी साखळी सामने, रात्री पार्टी, आणि रविवारी सकाळी सेमीफायनलला अर्धे लोक डोळे चोळत सर्व्हिस करतायत असं सगळं. कमी लेव्हलला नाव टाकून कप उचलणारे लबाड तिथंपण असतात, म्हणून आयोजक पहिल्या दिवशी खेळ बघून टीमला वर ढकलतात.

सांगायचं म्हणशील तर तिथं तुझं तू गे आहेस हे सांगावं लागत नाही, तिथं आलास म्हणजे कोणतरी मित्र आहेस एवढं पुरे. काळजी घ्यायची ती फोटोची. टीमचा फोटो निघतो, कोणतरी तुला टॅग करतं, आणि अशोक चौकातला तुझा चुलतभाऊ तो बघतो. पहिल्याच दिवशी सांगून टाक, मला टॅग करू नका, माझा चेहरा टाकू नका. तिथल्या लोकांना हे नवीन नाही, पोलंड-हंगेरीकडून येणारे खेळाडूपण हेच सांगतात. टॅग करायला आधी परवानगी लागेल असं सेटिंग मात्र इथूनच करून जा.

मी निवृत्त पीटी शिक्षक. आयुष्यभर कबड्डी-खोखो शिकवलं. पकड करताना समोरच्याची जात, धर्म कोण विचारतं, तर हे कोण विचारणार? मग वेगळे क्लब, वेगळ्या स्पर्धा कशाला? उद्या शाकाहाऱ्यांचं ऑलिम्पिक काढाल. खेळात हे आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सर, शाकाहाऱ्यांचं ऑलिम्पिक निघालं तर सोलापूरची टीम जाणार नाही एवढं नक्की.

पण तुम्ही म्हणता कोण विचारत नाही, मग मला सांगा, मैदानावर पोरगं जरा कच्चं खेळलं की कडेनं काय ओरडतात? "बायल्या", "बांगड्या भर", आणि याच्यापेक्षा वाईट शब्द तुम्हीही ऐकलेत, मीही ऐकलेत. आपण जिल्हा स्पर्धेला टीम न्यायचो तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून पंधरा-वीस पोरं झोपायची, आणि रात्री लाईट गेल्यावर एकाच पोराची थट्टा चालायची, कोण त्याच्याशेजारी झोपणार यावरून. सकाळी ते पोरगं पाय मुरगळलाय म्हणून बसून राहायचं. पुढच्या वर्षी ते टीममध्येच नसायचं, आणि आपण म्हणायचो अभ्यासाला लागला असेल. वेगळे क्लब काढले ते या पोरांनी, मोठं झाल्यावर. पकडीत कुणी विचारलं म्हणून नाही, पकड सुटल्यावर जे बोललं गेलं त्यामुळं.

आणि सुरुवात कुणी केली बघा. टॉम वॅडेल, अमेरिकेचा डॉक्टर, डेकॅथलॉनचा खेळाडू, १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये सहावा आला होता. दहा प्रकारांत जगात सहावा सर, कच्चा गडी नव्हे. त्यानं १९८२ ला सॅन फ्रान्सिस्कोत स्पर्धा भरवली, साधारण साडेतेराशे खेळाडू आले. नाव ठेवलं होतं गे ऑलिम्पिक्स, तर अमेरिकन ऑलिम्पिक कमिटीनं स्पर्धा काही आठवड्यांवर आली असताना कोर्टातून तो शब्द वापरायला बंदी आणली. पोलिसांचं ऑलिम्पिक चालत होतं, कुत्र्यांचं ऑलिम्पिक चालत होतं, एवढं एकच चाललं नाही. छापलेल्या सामानावरचा शब्द झाकत बसायची वेळ आली, आणि तेव्हापासून त्याचं नाव गे गेम्स. केस १९८७ ला सुप्रीम कोर्टात हरले, त्याच वर्षी वॅडेल एड्सनं गेला. स्पर्धा मात्र चालू राहिली, १९९८ ला ॲमस्टरडॅम, २०१८ ला पॅरिस, तिथं दहा हजारांच्या आसपास खेळाडू, २०२३ ला हाँगकाँग आणि मेक्सिकोत ग्वादलाहारा मिळून, आणि २०२६ साठी स्पेनमधलं व्हॅलेन्सिया ठरलं.

अजून एक. या स्पर्धांत काही गोष्टी अशा होतात ज्या इतर कुठं होऊच शकत नव्हत्या, जसं की फिगर स्केटिंगमध्ये दोन पुरुषांची किंवा दोन बायकांची जोडी. आणि वय, वजन, लेव्हल याप्रमाणे गट असल्यामुळं साठीतली माणसंपण पोहतात, पळतात, मेडल घेतात. तुमच्याच वयाची. शिट्टी घेऊन रेफ्री म्हणून गेलात तरी ते तुम्हाला हात जोडून घेतील सर, चांगला रेफ्री सगळीकडंच कमी आहे.

माझा मुलगा रशियात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बॅडमिंटन चांगलं खेळतो. मागच्या सुट्टीत आला तेव्हा त्यानं मला त्याच्याबद्दल सांगितलं. ह्यांना अजून माहीत नाही. तो तिथं फार एकटा पडलाय. रशियात असा एखादा खेळाचा ग्रुप असेल तर पत्ता द्याल का? मी त्याला पाठवते.

काकू, तुमच्या पत्रातलं शहराचं नाव आणि कॉलेजचं नाव मी काढलं, आणि पहिली विनंती अशी की यातलं काहीही त्याला मेसेजवर लिहून पाठवू नका. हा अंकसुद्धा फोटो काढून पाठवू नका. तो घरी येईल तेव्हा समोर बसून बोला.

पत्ता मी देणार नाही, कारण आज रशियात असा ग्रुप शोधणं हेच धोक्याचं आहे. पूर्वी होते. २०१० च्या सुमाराला तिथं एलजीबीटी, म्हणजे गे, लेस्बियन, ट्रान्स वगैरे खेळाडूंचं स्वतःचं फेडरेशन निघालं होतं, व्हॉलीबॉल, फुटबॉल, पोहणं, स्कीइंग सगळं चालायचं, त्यांचा कॉन्स्तान्तिन याब्लोत्स्की म्हणून एक फिगर स्केटर, पेशानं शिक्षक, कोलोनच्या गे गेम्समध्ये गोल्ड घेऊन आला होता. २०१३ च्या जूनमध्ये "प्रोपगंडा" विरोधी कायदा आला, म्हणजे अल्पवयीन मुलांसमोर या विषयावर चांगलं बोलायचं नाही. तरी त्या लोकांनी हिंमत केली, सोची ऑलिम्पिक २३ फेब्रुवारी २०१४ ला संपलं आणि तीन दिवसांत मॉस्कोत त्यांनी रशियन ओपन गेम्स सुरू केले. झालं असं की आधी हो म्हटलेले हॉलवाले एकेक करून माघारी फिरले, कुणाच्या हॉलची अचानक लाईट गेली तर कुणाला अचानक दुरुस्ती आठवली, बॉम्बच्या धमक्या आल्या, एका ठिकाणी धुराचा बॉम्ब टाकला. अमेरिकेचा ग्रेग लुगॅनिस, डायव्हिंगमध्ये १९८४ आणि १९८८ मिळून चार ऑलिम्पिक गोल्डवाला, त्यांच्या सोबतीला मॉस्कोत गेला होता. खेळाडू एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये, शेवटच्या क्षणी पत्ता कळवून, असं करत करत त्यांनी स्पर्धा पूर्ण केली. बॅडमिंटनपण होतं त्यात.

ते दिवस गेले काकू. डिसेंबर २०२२ मध्ये तो कायदा सगळ्या वयांसाठी झाला, आणि ३० नोव्हेंबर २०२३ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टानं "आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ" म्हणून जे काही त्यांना वाटतं ते अतिरेकी ठरवून टाकलं. अशी कुठली नोंदणी केलेली संघटना अस्तित्वातच नाही, त्यामुळं कुणालाही तिच्यात धरता येतं. भाग घेतला म्हणून दोन ते सहा वर्षं, चालवली म्हणून दहा वर्षांपर्यंत तुरुंग. निकालानंतर दोन दिवसांच्या आत मॉस्कोतल्या नाइट क्लबांवर पोलिसांच्या धाडी पडल्या. निझ्नी नोवगोरोदमध्ये एका बाईला इंद्रधनुष्याच्या रंगाचं कानातलं घातलं म्हणून पाच दिवस आत टाकलं. परदेशी माणसाला तर २०१३ च्या कायद्यापासूनच दंड, पंधरा दिवस कोठडी आणि देशाबाहेर काढणं हे आहेच, २०२३ मध्ये कझानमधल्या एका चिनी तरुणाला असंच देशाबाहेर काढायचा आदेश कोर्टानं दिला होता. तुमच्या पोराची तीन वर्षं आणि तुमचे पैसे त्यात जातील, आणि पैशाचं जाऊ द्या, पोरगं जाईल.

म्हणून तो घरी आला की त्याला एवढं सांगा. डेटिंगचं ॲप रशियात उघडू नको, खोट्या नावानं बोलावून लुटणारी आणि मारणारी टोळकी तिथं बरीच वर्षं आहेत. टेलिग्राम, इन्स्टा, रशियन व्हीके, कुठंही इंद्रधनुष्य, तसले स्टिकर, तसले ग्रुप ठेवू नको, जुन्या लाईकसकट साफ कर. पासपोर्ट, मायग्रेशन कार्ड आणि राहण्याच्या नोंदणीची झेरॉक्स घरी ठेव, आपल्या दूतावासाचा नंबर तोंडपाठ ठेव. आणि बॅडमिंटन सोडू नको. कॉलेजच्या हॉलमध्ये, नुसतं बॅडमिंटन म्हणून, आपल्याकडच्या पोरांबरोबर, केरळच्या, राजस्थानच्या, जे असतील त्यांच्याबरोबर. तिथं मन मोकळं करता येणार नाही हे खरंय, पण तासभर घाम गाळून रूमवर आलेलं पोरगं आणि दिवसभर रूमवर पडून राहिलेलं पोरगं यात फरक असतो, तुम्ही आई आहात, तुम्हाला मी काय सांगू. मन मोकळं करायला तुम्ही आहात ना. त्यानं बापाच्या आधी तुम्हाला सांगितलंय. रोज फोन करा, पण फोनवर विषय जेवणाचा आणि परीक्षेचाच ठेवा.

माझा धाकटा भाऊ लंडनला असतो, त्याचं आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्याला फक्त क्रिकेट कळतं. गे लोकांची क्रिकेट टीम असते का हो?

असते की! ग्रेसेस क्रिकेट क्लब, लंडनलाच, १९९६ पासून, डब्ल्यू. जी. ग्रेसच्या नावावरून. बहुतेक रविवारी इतर साध्या क्लबांशीच त्यांच्या मॅचेस असतात, समोरच्या टीममध्ये कुणाचं कोण आहे याच्याशी कुणाला घेणंदेणं नाही, लंच आणि चहा मात्र वेळेवर लागतो. आता बर्मिंगहॅमलापण युनिकॉर्न्स म्हणून टीम आहे. इंग्लंडचा कीपर स्टीव्हन डेव्हिसनं २०११ मध्ये जाहीर सांगितलं होतं आपण गे आहोत म्हणून, तेव्हा तो इंग्लंडच्या टीममधून खेळून झालेला होता. क्रिकेटचा कंटाळा आला तर (येणार नाही, सोलापूरचा आहे) तिथंच किंग्ज क्रॉस स्टीलर्स आहे, १९९५ चा, जगातला पहिला गे रग्बी क्लब. पण दात सांभाळ म्हणावं.

मी ट्रान्स वुमन आहे, सोलापूरचीच. शाळेत कबड्डी खेळायचे, मुलांमध्ये. आता बायकांच्या टीममध्ये खेळता येईल का? परदेशात चालतं म्हणतात.

परदेशातपण दोन वेगवेगळी उत्तरं आहेत गं. गे गेम्स किंवा युरोगेम्ससारख्या हौशी स्पर्धांत तू स्वतःला जे मानतेस त्या गटात नाव टाकतेस. मोठ्या अधिकृत स्पर्धांत मात्र दार बंद होत चाललंय, जागतिक ॲथलेटिक्सनं मार्च २०२३ मध्ये पुरुष म्हणून वयात आलेल्या ट्रान्स बायकांना बायकांच्या गटातून बाहेर ठेवलं, आणि आयसीसीनं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. कॅनडाकडून डॅनियल मॅगाही नावाची ट्रान्स खेळाडू त्याच सप्टेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी खेळली होती, दोन-अडीच महिन्यांत तिचं करिअर संपलं. ताकदीचा मुद्दा खोटा आहे असं मी म्हणणार नाही, वरच्या पातळीवर त्याचा विचार करावाच लागतो, पण गल्लीतल्या हौशी कबड्डीला ऑलिम्पिकचे नियम लावणाऱ्यांचं मला हसू येतं. आपल्या देशात मणिपूरमध्ये, इंफाळला, ट्रान्स खेळाडूंची स्वतःची फुटबॉल टीम उभी राहिलीय. तुझ्या ओळखीच्या सात जणी जमतात का बघ. कबड्डीला सातच लागतात, आणि खर्च शून्य.

सोलापुरात असा क्लब काढता येईल का? आम्ही चौघं-पाचजण आहोत.

कायद्यानं काही अडचण नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कलम ३७७ चा भाग सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला काढला, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या न्याय संहितेत ते कलमच नाही. अडचण कायद्याची नाही, सोलापूरची आहे. इथं पार्क मैदानावर उभं राहिलं की दहा मिनिटांत एक मामा, एक शेजारी आणि एक शाळेतला वर्गमित्र भेटतो, आणि तिघंही विचारतात हे कोण बरोबर.

म्हणून बोर्ड लावू नका, झेंडा लावू नका, नावपण ठेवू नका. पळण्यापासून सुरू करा. सॅन फ्रान्सिस्कोचे फ्रंटरनर्स १९७४ ला तसेच सुरू झाले, नुसते एकत्र पळायला लागले, आज त्यांचे क्लब किती देशांत आहेत. पळायला हॉल लागत नाही, बुकिंग लागत नाही, कुणाचं आधार कार्ड लागत नाही. सकाळी साडेपाचला संभाजी तलावाच्या बाजूला या, विजापूर रोडवर त्यावेळी पळणारे बरेच असतात, चार-पाच पोरं पळतायत याच्यात कुणाला काही दिसत नाही. नंतर बॅडमिंटन कोर्ट घ्यायचं झालं तर एकाच्या नावानं महिन्याचं बुकिंग करा आणि पैसे आगाऊ भरा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात एकटाच माणूस कोर्टावर येतो आणि बाकीचे ग्रुपवर सॉरी टाकतात, हे मी सगळ्या प्रकारच्या क्लबांत बघितलंय.

नवीन कोण यायला लागला तर आधी बाहेर चहाला भेटा, एकानं नाही, दोघांनी. ग्रुपचा डीपी बॅडमिंटनचा ठेवा. ग्रुपच्या बाहेर कुणाबद्दलही एक शब्द बोलायचा नाही हा नियम पहिल्याच दिवशी करा, आणि ज्यानं मोडला त्याला दुसरी संधी देऊ नका. एखादा गे नसलेला मित्र, बहीण, कोण येत असेल तर घ्या, युरोपातले क्लबपण घेतात, त्यानं गर्दीपण वाढते आणि प्रश्नपण कमी येतात. रॅकेट नसेल तर मला कळवा, माझ्याकडं दोन जुनी पडून आहेत, गटिंग तेवढं करून घ्यावं लागेल.